वाचकांचे प्रश्न : सुकी फळं परदेशातून मागवायची, पण कधी?

सुकामेव्याच्या घाऊक आयातीबद्दल आलेली बहुतेक पत्रं पुण्याच्या पेठांतली, मार्केट यार्डातली आणि भोसरी-चाकण बाजूची आहेत. बदाम, काजू, अक्रोड यांचं गणित वेगळं, ते पुन्हा कधी. या वेळी सुका आंबा, अननस, पपई, फणस आणि खजूर-खारीक एवढंच घेतलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या गिफ्ट बॉक्ससाठी थायलंडहून सुका आंबा मागवतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑर्डर दिली. भाव चढा लागला, माल वसुबारसेच्या तोंडावर पोहोचला आणि निम्मा गोदामातच राहिला. ऑर्डर नेमकी कधी द्यायची?
— दुकानदार, रविवार पेठ

उत्तर : तिकडच्या हंगामापासून पुढे मोजत आलात की दरवर्षी असंच होणार. माल विकायचा त्या दिवसापासून मागे मोजा. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्याने सगळे सण लांबले आहेत. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. पण कंपन्यांच्या बॉक्सच्या ऑर्डरी लक्ष्मीपूजनाची वाट बघत नाहीत, गणपती उठले की त्या सुरू होतात. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरची. म्हणजे माल १० सप्टेंबरच्या आसपास तुमच्या गोदामात हवा.

तिथून मागे या. न्हावा शेवा ते पुणे ट्रकचा एक दिवस. जहाज लागल्यापासून कस्टम, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नमुना आणि प्रयोगशाळेचा अहवाल मिळून आठ ते दहा दिवस धरा. प्रयोगशाळेला पाच दिवसांची मुदत असते, पण नमुना काढायला माणूस येण्यात आणि मधल्या सुट्ट्यांत दोन-चार दिवस सहज जातात. थायलंडच्या लाएम चाबांग बंदरातून न्हावा शेवाला थेट जहाज मिळालं तर दोन आठवडे, सिंगापूर किंवा मलेशियातल्या पोर्ट क्लांगला कंटेनर उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवला तर तीन. जहाजावर जागा आणि रिकामा कंटेनर मिळायला एक आठवडा. कारखान्यात पॅकिंग, तपासणी आणि कागदपत्रांना तीन आठवडे. सगळं मिळून साडेआठ आठवडे होतात, वर एक आठवडा जहाज चुकण्याचा. म्हणजे पक्की ऑर्डर जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलेली हवी. नमुने आणि भावाची बोलणी एप्रिलमध्ये, करार मे महिन्यात.

मे का? थायलंड-कंबोडियातला आंबा मार्च ते मे या काळात सर्वांत जास्त येतो आणि कारखाने तेव्हाच फळ भरतात. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे ताजं फळ जवळजवळ नसतं. असतो तो शीतगृहातला तयार माल, आणि त्यातला बराचसा जुन्या गिऱ्हाइकांच्या नावे बांधलेला. उरलेल्यातून तुम्हाला देतात, त्यामुळे भावही ते म्हणतील तो.

आणखी एक हिशेब पाठ ठेवा. १० किलो पिकल्या आंब्यातून साल-कोय काढून साधारण सव्वासहा किलो गर निघतो. त्यात घन भाग १८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वा किलोच्या आत. १५ टक्के ओलावा राखून सुकवला तर कागदावर सव्वा ते दीड किलो माल झाला, पण डागी, कच्चं, तंतुमय फळ वगळल्यावर हातात किलोभरच पडतो. थोडक्यात, साखर न घातलेल्या आंब्याला एक किलोमागे १० किलो फळ लागतं. म्हणून शेतातल्या फळाचा भाव किलोला एक रुपयाने हलला तर सुक्या मालाचा दहा रुपयांनी हलतो. साखरेत मुरवलेल्या मालात हा झोला बराच कमी, कारण वजनाचा एक भाग साखरेचा असतो. भाव विचारताना साखर किती, हे आधी विचारा. दोन कोटेशनमधला फरक पुष्कळदा तेवढाच असतो.

प्रश्न : कोणत्या फळाचा हंगाम कुठे कधी असतो, हे एकत्र सांगाल का? नव्याने सुरुवात करतो आहे.
— वाचक, कोथरूड

उत्तर : आंब्यापासून सुरू करू. फिलिपिन्समध्ये सेबूचे कारखाने काराबाओ आंबा वापरतात, त्याचा भर मार्च ते जून. तिथे पोटॅशियम नायट्रेट फवारून अवेळी मोहोर आणतात. ही युक्ती रामोन बार्बा या फिलिपिनो शास्त्रज्ञाची. आपल्याकडे कोकणात मोहोरासाठी कल्टार हे संजीवक देतात, त्याच जातीचा प्रकार. त्यामुळे ‘आमच्याकडे बारा महिने आंबा आहे’ हे निर्यातदाराचं म्हणणं खोटं नसतं, पण अवेळच्या फळाला खर्च जास्त आणि भावही जास्त. थायलंड-कंबोडियाचं वर आलंच. बुर्किना फासोचा आंबा एप्रिल ते जुलै. आगाप जात आमेली, मागास ब्रुक्स. ब्रुक्स रंगाला गडद आणि चवीला गोड, बिनसाखरेच्या मालाला चांगला. मात्र बुर्किना फासोला समुद्र नाही. माल शेजारच्या देशाच्या बंदरापर्यंत रस्त्याने जातो आणि तिथून पुण्यात यायला सहा-सात आठवडे लागू शकतात. दिवाळीसाठी तो भरवशाचा नाही, पुढच्या उन्हाळ्यासाठी ठीक.

अननसाला थायलंडमध्ये वर्षात दोन भर असतात, एप्रिल-जून आणि नोव्हेंबर-जानेवारी. प्राचुआप खिरी खान प्रांत त्याचं मोठं ठिकाण. एक भर हुकला तर दुसरा असतो, म्हणून अननसाचा मोठा साठा करण्यात अर्थ नाही. पाऊस हुकलेल्या वर्षी फळ लहान राहतं. ते अगदी चकतीला दिसतं, व्यास कमी आणि मधला दांडा मोठा.

पपईचे रंगीत तुकडे, आलं, पोमेलोची (पपनसाची) साल वगैरे माल बारा महिने निघतो आणि त्याचा भाव फळापेक्षा साखरेवर जास्त हलतो. तिथे हंगामाच्या गप्पा मारणारा दलाल तुमचा वेळ घेतो आहे. (बेकरीसाठी टुटी-फ्रुटी हवी असेल तर ती आपल्याकडच्या कच्च्या पपईचीच घ्या, परदेशी घेण्याचं काही कारण नाही.) व्हिएतनामचे फणसाचे गरे निर्वात पोकळीत, म्हणजे हवा काढलेल्या भांड्यात, तळलेले असतात. ते फळाच्या हंगामापेक्षा तेलाच्या वयाने बिघडतात, म्हणून थोडे आणि वारंवार मागवावेत. उत्तर थायलंडचा लोंगान (लिचीसारखं फळ) जुलै-ऑगस्टमध्ये निघतो, पण पुण्यात त्याला अजून उठाव नाही.

प्रश्न : हंगामात स्वस्त घेऊन इथे साठवावं, की लागेल तसं मागवावं?
— घाऊक व्यापारी, नाना पेठ

उत्तर : माल महाग की स्वस्त, त्यावर हे ठरतं, आणि अनेकांना वाटतं त्याच्या उलट ठरतं.

समजा, सुका आंबा सगळे कर-खर्च धरून तुम्हाला ४०० रुपये किलोने पडला. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला किलोमागे ४ रुपये. शीतगृहाचं भाडं १० किलोच्या खोक्याला महिना १५ रुपये धरलं तर किलोला दीड रुपया. विमा आणि घट मिळून अर्धा रुपया. एकूण ६ रुपये, चार महिन्यांचे २४, म्हणजे ६ टक्के. बिगरहंगामी कोटेशन याहून जास्त चढं असेल तर हंगामात घेऊन ठेवलेला माल परवडला.

आता ९० रुपयांनी पडलेला खजूर घ्या. व्याज ९० पैसे, पण भाडं तेच दीड रुपया, कारण शीतगृहवाला खोकं मोजतो, आतला माल नाही. घट-विमा २० पैसे धरा. महिन्याला २ रुपये ६० पैसे, चार महिन्यांत १० रुपये ४० पैसे, म्हणजे साडेअकरा टक्के. स्वस्त माल साठवून कमावणं जास्त अवघड आहे. तो वेळेवर आणायचा आणि वेळेवर काढायचा. आकडे तुमचे घालून बघा, कल हाच राहील.

पैसे अडकू नयेत म्हणून एक वाट आहे : बॉन्डचं गोदाम. माल कस्टमच्या बॉन्डमध्ये ठेवला तर शुल्क माल बाहेर काढताना भरायचं असतं आणि पहिल्या ९० दिवसांवर शुल्काचं व्याज लागत नाही. थोडा-थोडा काढता येतो. पण बॉन्ड थंड आहे का, ते आधी बघा. साध्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला आंबा पिवळ्याचा तपकिरी होतो, आणि बुरशी नसली तरी तो माल गिफ्ट बॉक्समध्ये जात नाही.

प्रश्न : रमजानसाठी इराकी आणि इराणी खजूर आणतो. दरवर्षी रमजान अलीकडे सरकतो. खरेदीचं वेळापत्रक कसं बदलायचं?
— व्यापारी, कोंढवा

उत्तर : आपल्या पाहण्यातल्या बऱ्याच खजूरवाल्यांनी या सरकण्याचा नीट विचार केलेला नाही, म्हणून थोडं विस्ताराने.

रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो, खजुराची तोडणी मात्र सूर्यावर चालते. इराकचा झाहिदी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतो. इराणमध्ये बम भागातला मजाफाती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि खुजेस्तानचा सायर त्यानंतर. २०१६ मध्ये रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला होता. तोडणीपासून विक्रीपर्यंत आठ महिने मिळत. माल सावकाश यायचा आणि शीतगृहात पडून राहायचा. भाडं जायचं, पण घाई नव्हती. २०२७ चा रमजान ८ फेब्रुवारीच्या आसपास लागेल, २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस. चंद्रावर एखादा दिवस इकडे-तिकडे. २०३० मध्ये तर एका इंग्रजी वर्षात दोन रमजान सुरू होतील, एक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसरा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. २०३३ मध्ये तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येईल.

याचा व्यवहारातला अर्थ असा. साठवणुकीचा खर्च घटत चालला आहे, पण चूक दुरुस्त करायला वेळही उरत नाही. २०२७ साठी मागे मोजा. पुण्यातला किरकोळ दुकानदार रमजानच्या महिना-सव्वा महिना आधी माल उचलतो, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस तुमच्याकडे माल तयार हवा. झाहिदी ऑक्टोबरमध्ये उतरून निवड-पॅकिंग होईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. इराकच्या उम्म कस्र बंदराहून न्हावा शेवा, मध्ये दुबईच्या जबेल अलीला थांबा धरून, दोन आठवडे धरावेत. कस्टमला दहा दिवस. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर भरलेला कंटेनर धोक्याच्या काठावर आहे.

दुसरी गोष्ट, २०२७ मध्ये चिनी नववर्ष आणि व्हिएतनामचा तेत (तिथलं नववर्ष) दोन्ही ६ फेब्रुवारीला आहेत, रमजानच्या दोन दिवस आधी. पूर्व आशियातले कारखाने सुट्टीआधी माल रेटतात आणि डिसेंबर-जानेवारीत कंटेनरची ओढ लागते. आखातातला खजूर आणि तिकडची फळं दोन्ही आणत असाल तर पूर्वेकडचा माल नोव्हेंबरमध्येच मार्गी लावा.

जातीप्रमाणे वागणूक वेगळी. झाहिदी आणि सायर निमकोरडे. थंडीच्या दिवसांत साध्या कंटेनरमधूनही येतात. १० किलोच्या खोक्यांत २० फुटी कंटेनरमध्ये २० टनांच्या पुढे माल बसतो. मजाफाती ओला खजूर आहे, ओलावा ३० टक्क्यांच्या वर. तो शीत कंटेनरमध्येच यायला हवा आणि इथे उतरल्यावर त्याच दिवशी शीतगृहात. बंदरात शीत कंटेनरला वीज जोडल्याचं भाडं दिवसावारी लागतं, म्हणून त्याचे कागद जहाज निघण्याआधी तपासून ठेवा. आंबलेल्या मजाफातीला वास येण्याआधी डबा फुगतो. खोकी उतरवतानाच वरचे काही डबे दाबून पाहा.

होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आतली सगळी बंदरं तणावाच्या काळात एकदम महाग होतात, विम्यावर जादा आकार लागतो आणि जहाजं वेळ पाळत नाहीत. निदान एक तृतीयांश माल दुसऱ्या वाटेचा ठेवा. ओमानचं सोहार बंदर सामुद्रधुनीच्या बाहेर आहे, तसंच ट्युनिशियाचा देग्लेत नूर जातीचा खजूरही वेगळ्या मार्गाने येतो, फक्त त्याला वेळ जास्त द्यावा लागतो.

प्रश्न : डिंकाच्या लाडवांच्या दिवसांत खारीक मिळेनाशी होते. पाकिस्तानी माल बंद झाल्यावर काय आणावं, आणि कधी?
— भुसार विभाग, मार्केट यार्ड

उत्तर : २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागलं आणि २ मे २०२५ पासून तिथला कोणताही माल, थेट असो वा तिसऱ्या देशातून फिरवून, आणायला पूर्ण बंदी आहे. जून २०२५ मध्ये डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) न्हावा शेवाला ३९ कंटेनर पकडले. सुमारे १,११५ टन माल, त्यात खारीक होती, आणि तो दुबईमार्गे आणलेला होता. तेव्हा ‘यूएई ओरिजिन’ म्हणून बाजारापेक्षा फार कमी भावात कुणी खारीक देऊ केली तर हात लावू नका. मालाचा मूळ देश म्हणजे जिथे पिकला तो, जिथून जहाजात चढला तो नव्हे. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावर मूळ देशाचा रकाना असतो, आगाऊ रक्कम देण्याआधी तो वाचा.

पर्याय ओमानचा. तिथे मबसली जातीचा खजूर पिवळ्या, कडक अवस्थेत उतरवून पाण्यात उकळतात आणि उन्हात वाळवतात. या कामाला तिकडे तबसील म्हणतात, आणि असा उकडून वाळवलेला माल भारतात पूर्वापार येत आला आहे. उकळणी जून अखेर ते जुलैमध्ये होते, ऑगस्टमध्ये माल तयार. आपल्याकडे खारकेला मागणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणायला भरपूर वेळ आहे. पाऊस ओसरल्यावर आणलेली बरी. खारकेत ओलावा कमी, शीतगृह लागत नाही, पण पोत्यातून भुंगेरे लागतात. खारीक फोडून पाहा. बाहेरून धडधाकट खारकेच्या पोटात काळी पूड सापडते. लॉटमधल्या दहा पोत्यांतून प्रत्येकी शंभर नग फोडले तर अंदाज येतो.

कच्छची खारेक जून-जुलैत ताजी, पिवळी-लाल खातात. तिला भौगोलिक मानांकन आहे, पण ती आपली खारीक नव्हे. नावावरून ऑर्डर देताना घोटाळा होतो.

खजूर-खारकेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या हिशेबाच्या फाइली अजून १२ नेच भाव काढतात, तेवढं बघा.

प्रश्न : जुलैत आलेल्या कंटेनरमधली वरची खोकी ओली आणि आतला अननस चिकट निघाला. निर्यातदार म्हणतो माल कोरडा भरला होता. दोष कुणाचा?
— खाद्यप्रक्रिया उद्योजक, भोसरी

उत्तर : बहुधा तो खरं बोलतो आहे. उष्ण, दमट जागी बंद केलेल्या कंटेनरमध्ये हवेतली आणि पुठ्ठ्या-लाकडातली वाफ अडकते. रात्री समुद्रावर किंवा पावसात पत्रा थंड होतो, छताला थेंब धरतात आणि वरच्या थरावर टपकतात. म्हणून नुकसान वरच्या दोन-तीन थरांत आणि दाराजवळ जास्त दिसतं. गळक्या कंटेनरचं पाणी वेगळं ओळखू येतं. ते एका कोपऱ्यात, खालपर्यंत ओघळ धरून असतं आणि खारं असू शकतं. फोटो काढताना हा फरक दिसेल असे काढा, विम्याचा दावा त्यावरच टिकतो.

टाळायचं कसं? करारातच लिहून घ्या : कंटेनर भरण्याआधी माणूस आत उभा करून दारं बंद करायची आणि कुठून उजेड येतो का ते बघायचं, पॅलेट कोरडं, आयएसपीएम-१५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा) शिक्का असलेलं, कॅल्शियम क्लोराइडच्या शोषक पट्ट्या २० फुटीत सहा ते आठ, ४० फुटीत त्याच्या दुप्पट, मालावर क्राफ्ट कागदाचं आच्छादन, पाऊस चालू असताना भरणी नाही. खोक्याच्या आत पॉलिथिनची पिशवी नुसती दुमडलेली नको, सील केलेली हवी.

चिकटपणाचं कारण मात्र इथेही असू शकतं. सुक्या फळाची जलक्रिया (वॉटर अॅक्टिव्हिटी, म्हणजे त्यातलं न बांधलेलं, मोकळं पाणी किती याचं माप) ०.६० असेल तर ते ६० टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोल राखतं. पुण्याची जुलैतली हवा ८० टक्क्यांच्या वर असते. उघड्या खोक्यातली साखर ते पाणी ओढते आणि दोन दिवसांत तुकडे एकमेकांना धरतात. एप्रिलमध्ये उलट होतं, दुपारी हवा इतकी कोरडी असते की तोच माल चामड्यासारखा होतो.

सगळ्यात जास्त नुकसान शीतगृहातून काढताना होतं. ५ अंशांवरचं खोकं पावसाळी हवेत आणून लगेच फोडलं की फळावरच दव पडतं. खोकी बंद ठेवून बाहेरच्या खोलीत २४ तास राहू द्या, मग फोडा. कारखान्यात घाई असेल तर एक दिवस आधी काढून ठेवण्याचा तक्ता दारावर लावा. याला पैसा लागत नाही आणि तरी तो कुणी पाळत नाही.

निर्यातदाराकडून प्रयोगशाळेचा अहवाल घेताना ओलाव्याची टक्केवारी पुरत नाही. साखरेत मुरवलेल्या फळात १५ टक्के ओलावा असूनही ते टिकतं, कारण पाणी साखरेने बांधलेलं असतं. बिनसाखरेचं तेवढ्याच ओलाव्यात बिघडू शकतं. जलक्रियेचा आकडा मागा. ०.६० च्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. ०.६५ पर्यंतचा माल थंड ठेवून लवकर संपवावा. त्याच्या पुढचा घेऊ नका.

प्रश्न : पॅकिंगची तारीख ताजी, पण माल जुना वाटतो. ओळखायचं कसं? आणि ६० टक्के आयुष्य शिल्लक हवं, हा नियम नेमका काय?
— वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : नियमाचा दुसरा भाग लोक विसरतात. आयातीच्या वेळी ६० टक्के आयुष्य शिल्लक हवं किंवा मुदत संपायला तीन महिने हवेत, यांतलं जे कमी असेल ते. १२ महिन्यांच्या मालाला म्हणून तीन महिने पुरतात. चार महिन्यांच्याच मालाला ६० टक्के, म्हणजे सव्वादोन महिन्यांहून थोडे जास्त. कस्टममधून सुटलं म्हणजे विकलं गेलं असं नाही. तीन महिने उरलेला माल पुण्यातला कुठलाही मॉल घेत नाही. करारात ‘पोहोचताना नऊ महिने शिल्लक’ असं लिहून घ्या.

पॅकिंगची तारीख म्हणजे मोठ्या पोत्यातून छोट्या पिशवीत कधी भरलं ती. सुकवलं कधी ते विचारा, आणि करारात पीक-वर्ष घाला. जुना आंबा कडांना तपकिरी, वासाला जळक्या साखरेसारखा. जुन्या खजुरावर साखरेचे पांढरे कण जमतात. ते खाण्याला अपायकारक नाहीत, भाव पाडायला मात्र उपयोगी.

प्रश्न : मला दोनच टन लागतात. पूर्ण कंटेनर परवडत नाही. वाटून आणलं तर?
— बेकरी चालक, बिबवेवाडी

उत्तर : दुसऱ्यांच्या मालासोबत भरलेल्या कंटेनरमध्ये तुमच्या शेजारी काय असेल, हे तुमच्या हातात नसतं. मिरची, रबर, साबण यांचा वास सुक्या फळाला चटकन लागतो. त्यात कंटेनर बंदराबाहेरच्या शेडमध्ये उघडून माल वेगळा करतात, त्यात आठवडाभर जादा जातो आणि पावसाळ्यात तो आठवडा नडतो. नोव्हेंबर ते मे दरम्यान, दुहेरी पिशवीत भरून घेतलं तर चालेल. एरवी नाही.

त्यापेक्षा समुद्रातच खरेदी करा. मोठ्या आयातदाराचा कंटेनर पाण्यात असतानाच, जहाज लागायच्या आधी, त्यातला वाटा कराराने तुमच्या नावे होतो आणि बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचं आयातीचं घोषणापत्र) तुम्ही भरता. त्यासाठी आयईसी (आयात-निर्यात संकेत) क्रमांक आणि एफएसएसएआयचा आयातदाराचा केंद्रीय परवाना तुमच्या नावाचा हवा. हे नको असेल तर तुर्भ्याच्या बाजारातून शुल्क भरलेला माल उचला. दोन टनांवर किलोमागे काही रुपये जास्त जातील, डोकेदुखी जाणार नाही.

प्रश्न : माल वेळेत बंदरात लागतो, पण तिथेच दहा-पंधरा दिवस अडकतो आणि भाडं चढतं. कुठे चुकतं?
— आयातदार, चाकण

उत्तर : बहुतेक वेळा कागदात, आणि ते जहाज निघण्याआधी झालेलं असतं. बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, ३० दिवस आधीही भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. हा भुर्दंड बंदराच्या आणि कंटेनरच्या भाड्याशिवाय.

मग वर्गीकरण, म्हणजे कस्टमच्या यादीत माल कोणत्या क्रमांकाच्या शीर्षकाखाली जातो ते. नुसता सुकवलेला आंबा-अननस ०८०४ मध्ये, साखरेत मुरवलेलं फळ २००६ मध्ये आणि तळलेले गरे २००८ मध्ये. निर्यातदार सवयीने सगळं एकाच शीर्षकाखाली टाकतो. आसियानच्या (आग्नेय आशियाई देशांच्या गटाच्या) शुल्क-सवलतीसाठी लागणाऱ्या एआय नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर एक क्रमांक, इनव्हॉइसवर दुसरा असं झालं की सवलत अडकते. शिवाय मूळ देशाच्या पडताळणीच्या २०२० च्या कॅरोटार नियमांप्रमाणे माल तिथेच तयार झाल्याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते. नुसतं प्रमाणपत्र दाखवून काम भागत नाही.

लेबलबाबत, आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहारी चिन्ह राहिलं असेल तर बंदराच्या गोदामात स्टिकर लावून घेता येतं. पण घटकांची यादी, बॅच क्रमांक किंवा तारीखच नसेल तर स्टिकरने सुटत नाही. रंग टिकवायला सल्फर डायऑक्साइड वापरला असेल तर तो लेबलवर हवा. पिवळाधमक आंबा आणि लेबलवर त्याचा उल्लेख नाही, असं दिसलं की अधिकारी नमुना काढणारच.

आणि जहाज कंपनीकडून बुकिंग करतानाच कंटेनर वापरायला १४ दिवस बिनभाड्याचे मागून घ्या. माल बंदरात लागल्यावर मागितले तर कुणी देत नाही.